स्वच्छ भिंती

चित्रकार बाईंनी दार ढकललं आणि ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला. चारही भिंती पांढऱ्याफटक.

बेटावरची ही खोली आधी कैद्यांची, मग साथीच्या रोग्यांची. कालपर्यंत भिंतींवर सगळे एकावर एक नांदत होते. कैद्यांनी कोरलेली गलबतं, त्यांच्या शिडांवर रोग्यांनी मोजलेले दिवस. बाई दीड महिना त्यावर कागद धरून कोळसा घासत होत्या, खुणा उतरवून घेत होत्या. आज दुपारच्या होडीने प्रदर्शनाला पाहुणे यायचे होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी व्हरांड्यातच गाठलं आणि त्याचा यथेच्छ उद्धार केला. अक्कल गहाण ठेवलीय का, इथपर्यंत गेल्या. अधिकाऱ्याने चहा बाजूला ठेवला, फाइल उघडली आणि त्यांचंच पत्र पुढे केलं. चित्रं लावायला स्वच्छ भिंती हव्यात, असं त्यात लिहिलं होतं.

"सही तुमचीच ना?"

बाईंना शेजारच्या खोलीच्या भिंती म्हणायच्या होत्या. तेवढं लिहायचं राहिलं होतं.

तणतणत त्या परत आल्या, तर दाराजवळच्या कोपऱ्यात पहारेकरी काका उभे होते. त्यांची आई साथीत याच खोलीत गेली. तिने चमच्याच्या दांड्याने ओढलेल्या अकरा रेघा काकांनी बाईंना पहिल्याच दिवशी दाखवल्या होत्या. रोज झाडून झालं की ते तिथे हात टेकवायचे.

"काका, मी या माणसाला सोडणार नाही. वरपर्यंत जाईन."

"ते राहू द्या," काका म्हणाले. "आईचा कागद तेवढा द्या मला."

बाईंनी गठ्ठा सोडला. काका खाली बसून एकेक कागद उलटू लागले. गलबतं आली, मासे आले, कुणाचा तरी पंजा आला. बावीस कागद संपले, तसे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दाराजवळचा कोपरा बाईंनी घासलाच नव्हता. नुसत्या रेघा, चित्रात काय दिसणार, असं त्यांना वाटलं होतं. मघाचा सगळा राग आता त्यांच्याच अंगावर उलटला.

"दोन कागद चिकटले असतील," काका म्हणाले आणि एकेका कागदाची कड नखाने सोडवून पाहू लागले.