खिळ्यावरचा नान

सकाळी सव्वासहाला शवकतने नानाचा एक घास तोडला. नान मुनोजातचा होता.

शवकतच्या आईने तो दोन्ही हातांनी त्याच्या तोंडापुढे धरला होता, जसा घरातून लांब जाणाऱ्या प्रत्येकापुढे धरतात. जाणाऱ्याने एक घास खायचा, उरलेला नान खिळ्याला टांगायचा आणि परत येऊन त्यानेच तो संपवायचा. तोवर त्याला दुसऱ्या कुणाचं तोंड लागायचं नाही. शवकत वेल्डिंगच्या कामावर रशियात, कझानला निघाला होता, दोन वर्षांसाठी.

त्याची बायको ओयदिन चहाची किटली घेऊन उंबऱ्यात उभी होती. नवऱ्याचा जबडा हलताना ती बघत राहिली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर दोन नान होते. खालचा तिचा. पहाटे तंदूर पेटवला होता तो या एका नानासाठी. आपल्या हातचं खाली ठेवावं, दुसऱ्याचं वर, ही तिच्या आईची शिकवण. म्हणून धाकट्या जावेचा, मुनोजातचा नान तिनेच वर ठेवला होता. सासूबाई तो बाजूला सारतील आणि बायकोच्या हातचा उचलतील, याबद्दल तिला शंका नव्हती. सासूबाईंना मोतीबिंदू होता. त्यांनी वरचा उचलला.

"आज मऊ झालाय," शवकत ओयदिनकडे बघून म्हणाला. "रोजच्यापेक्षा."

मुनोजातने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "आई, तो माझा आहे."

"असू दे. पीठ एकाच घरचं."

मार्चमध्ये जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा या घरातली दोन माणसं एकाच दिवशी घरी बसली होती. शवकत तिथला वेल्डर, मुनोजात हिशेबनीस. शवकतने द्राक्षाच्या मांडवाखाली लावे पाळले आणि दिवसभर त्यांना शीळ घालत बसला. मुनोजात जीव रमावा म्हणून नान भाजायला लागली. वर तिळाची फुलं, बिटाच्या रसाने काढलेली पानं. आधी कौतुक झालं, मग गिऱ्हाइकं आली. तिचा तंदूर शवकतने बांधला. तिचे नान सायकलवरून गल्लोगल्ली शवकतने पोचवले. ओयदिन लग्न झाल्यापासून या घराला भाजून घालत होती. तिच्या नानाचा फोटो कधी कुणी काढला नव्हता.

"अहो, माझाही एक घास घ्या." तिने किटली खाली ठेवली आणि आपला नान उचलला.

शवकतने हात पुढे केला. सासूबाईंनी तो मनगटाला धरला.

"दोन नान चावून निघालेला माणूस परत कुठल्या दारी यायचा?"

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. "चला, शवकतभाई. पुढे घाट आहे. आणि विमान काही तुमच्या मेहुण्याचं नाही."

धाकट्या दिराने बॅग उचलली. शवकत मांडवाखाली थांबला, लाव्यांच्या पिंजऱ्यांवरून त्याने हात फिरवला. "यांना बाजरी घालायची. भिजवून."

"मी घालीन, भाऊजी," मुनोजात म्हणाली.

"कुणीही घाला," शवकत म्हणाला, आणि गेला.

टॅक्सी वळल्यावर सासूबाईंनी चावलेला नान ओयदिनच्या हातात दिला. "टांग. मुंगीसुद्धा लागू देऊ नकोस."

खिळा तिच्या खोलीत होता, पलंगासमोरच्या भिंतीवर. ती नान मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. थोड्या वेळाने मुनोजात दारात आली, कोपरापर्यंत पिठाने माखलेली.

"डोळ्यांपुढे नको असेल तर द्या, जाऊबाई. आमच्या खोलीत टांगते. भिंत ती भिंतच."

"माझ्या नवऱ्याचा दात लागलाय त्याला."

"मग झालं तर. दात तुमचा, नान माझा." मग तिचा आवाज उतरला. "मी काही मुद्दाम केलं नाही."

"माहीत आहे. वर मीच ठेवला होता."

फाटकातून कुणीतरी हाक मारली, सात नान हवे होते, पाहुणे यायचे होते. मुनोजात घाईने गेली. तिचं हसणं मांडवापर्यंत ऐकू आलं, आणि लावे बोलायला लागले. सकाळपासून ते गप्प होते.

ओयदिनने उठून दार लावून घेतलं.

घास नानाच्या कडेला होता, बिटाच्या एका पानावरून गेलेला. शवकतचा पुढचा एक दात अर्धा तुटका होता, त्यामुळे घासाच्या मधोमध एक रेघ उरली होती. तिने रेघेवरून बोट फिरवलं. मग आतला भाग दाबून पाहिला. बोट आत गेलं आणि नान हळूहळू पुन्हा वर आला. तिचा स्वतःचा नान तसाच दस्तरखानावर होता, गार, अख्खा.

पावणेचारला शवकतचा फोन आला.

"बसलो विमानात. नान टांगलास ना?"

"टांगला."

"ओल लागू देऊ नकोस. बुरशी धरेल."

"अहो, खरंच मऊ होता?"

"काय? आवाज येत नाही. हे लोक फोन बंद करायला सांगतायत."

फोन बंद झाला.

नान खिळ्यावर होता. शवकतच्या घासाला लागून आणखी एक घास होता, लहान, त्यात रेघ नव्हती. सासूबाईंनी तो अजून पाहिला नव्हता.