दिवसाचा शेजार

“आणि शेजार?” मुलाने विचारलं.

एजंटबाईंना हा प्रश्न आवडायचा. अकरा वर्षं त्या याच वसाहतीतली घरं विकत होत्या. इथली माणसं त्यांना तोंडपाठ होती. “उजवीकडे हाडांचे डॉक्टर, नवरा-बायको दोघंही. डावीकडे न्यायाधीश. समोर पायलट. स्टेशन चालत सात मिनिटं, तिथून शहर चाळीस. इथलं घर विकायला निघालं की पंधरा दिवस टिकत नाही.”

मुलगा खूश झाला. सून बाळाला खांद्यावर घेऊन वरच्या खोल्या पाहून आली, तीही खूश. राहता राहिली आई. ती मघापासून खालच्या छोट्या खोलीत खिडकीशी उभी होती. ही खोली तिची असणार होती, आणि ती हो म्हणाल्याशिवाय सही करायची नाही, हे मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं.

“हे सगळे रात्रीचे झाले,” आई म्हणाली. “दिवसा इथे कोण असतं?”

अकरा वर्षांत एजंटबाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मीच बघून येते,” म्हणत आईने चपला घातल्या. मुलाने डोळ्यांनी खुणावलं, तशा एजंटबाई मागोमाग निघाल्या.

सकाळी अकराचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरांच्या दाराला कुलूप. न्यायाधीशांकडे आतून कुत्रा भुंकला, तेवढाच. पायलटच्या दारावरची बेल दाबली, तर बेलच बाईच्या आवाजात बोलली, “कोण हवंय? आम्ही घरी नाही.”

“घरी नाही, मग बोलतंय कोण?”

“मी ऑफिसात आहे. फोनवर दिसताय तुम्ही मला.”

“बरी दिसतेय ना?” आईने विचारलं.

एजंटबाईंना हसू आलं, पण घर हातचं चाललं होतं.

रस्ता संपतो तिथे छोटी बाग होती. बाकांवर चार-पाच बायका, पुढ्यात बाबागाड्या, एकीच्या हातात थर्मास. माळी कात्री बाजूला ठेवून चहाची वाट बघत उभा. आईला पाहून एक बाई सरकली.

“बसा मावशी. नवीन दिसताय. कुठलं घर?”

“ते निळ्या दाराचं. अजून नक्की नाही.”

“काम काय? मूल सांभाळायचं?”

आईने क्षणभर विचार केला. “हो. सात महिन्यांचं आहे.”

“स्वयंपाक?”

“तोही माझ्याकडेच येईलसं दिसतंय.”

“राहायचं तिथेच?”

“खालची खोली देतायत.”

“मग सांभाळून हं. आमचं बरं, सहाच्या बसने सुटतो. राहणाऱ्या बाईचा दिवस मावळतच नाही. माणसं कशी आहेत?”

“चांगली आहेत,” आई म्हणाली. “दमलेली असतात.”

“दमलेली माणसं वाईट नसतात, पण विसरतात. सुट्टीचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. नंतर जीभ उचलत नाही.”

एजंटबाई पुढे झाल्या. “अहो, या काही…” आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या थांबल्या. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्याही हातात चहाचा पेला दिला. अकरा वर्षांत या गल्लीत त्यांना कुणी चहा विचारला नव्हता. त्या बाकाच्या कडेला टेकल्या.

अर्ध्या तासाने दोघी परतल्या, तर मुलगा दारातच उभा.

“काय गं, भेटलं का कुणी?”

“भेटले की. शेजार चांगला आहे. घे घर.”

मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातलं पेन काढलं.

“फक्त रविवारी मला सुट्टी.”

तो हसायला गेला, पण आई हसत नव्हती. सुनेने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“पूर्ण दिवस?” तिने विचारलं.