बरा झालेला माणूस

“आई चुलीपाशी बसली की मला वाटायचं, ही माझ्या ताटात काहीतरी कालवतेय,” कोंडीराम माईकवर सांगत होता. “सहा महिने मी तिच्या हातचं खाल्लं नाही. मग ती जेवण शेजारणीकडे नेऊन ठेवायची. तिथून आलं, की मी खायचो.”

तो थांबला, पाणी प्याला. हिंजवडीच्या कंपनीतल्या त्या हॉलमध्ये शंभर इंजिनियर ऐकत बसले होते. मागे उभ्या असलेल्या पूर्णिमाला ही थांबायची जागा आता पाठ होती. काय कसलेला माणूस आहे, असं तिला दर वेळी वाटे, आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटे.

कारण कोंडीरामला तिने नट म्हणून आणलं होतं.

मनाच्या आजाराचा कलंक कमी कसा करायचा, यावर तिच्या संस्थेत संशोधन चालू होतं. पुणे, नैरोबी आणि लिस्बन, तिन्ही शहरांत एकाच वेळी. बऱ्या झालेल्या रुग्णाने लोकांसमोर आपली हकीकत सांगायची. लोकांनी आधी आणि नंतर फॉर्म भरायचा: अशा माणसाला खोली भाड्याने द्याल का? ऑफिसात शेजारच्या टेबलावर चालेल का? घरात सोयरीक कराल का?

पुण्यात सल्ला द्यायला माणसं रांग लावतात, पण हे सांगायला एकही रुग्ण पुढे येईना. एकजण कबूल झाला, तर बहिणीचं लग्न ठरायचंय म्हणून त्याच्या भावाने पूर्णिमालाच फोनवर झापलं. मुदत तोंडाशी आली. शेवटी तिने नाट्यगृहाजवळच्या चहाच्या टपरीवर चिठ्ठी चिकटवली: रुग्णाची भूमिका करणारा हवा. दोन दिवसांनी खडकीहून कोंडीरामचा फोन आला.

“कुठे कुठे कामं केलीत?” तिने विचारलं होतं.

“मी वाशीमकडचा, मॅडम. तिकडचं तुम्हाला काय ठाऊक असणार?”

तिने लिहिलेली दोन पानं त्याने वाचून परत केली. “यातली आई शहरातली वाटते. मी माझ्या पद्धतीनं सांगतो.” अट एवढीच, की फोटो नको, आणि तो कामाला होता त्या कारखान्यातलं कुणी भेटलंच, तर हा नट आहे म्हणून मॅडमनी सांगायचं.

“नट आहातच की,” ती हसली होती. पहिला कार्यक्रम संपल्यावर तर म्हणालीही होती, “खऱ्या रुग्णाला हे इतकं नीट सांगताच आलं नसतं.”

तेव्हा कोंडीराम माईकची वायर गुंडाळायला लागला होता.

आज तेरावा कार्यक्रम. पुण्याचे आकडे नैरोबी-लिस्बनच्या कितीतरी पुढे होते. संस्थेचे प्रमुख असलेले सर खूश होते. पुढच्या महिन्यात लिस्बनच्या परिषदेत यावरचा शोधनिबंध पूर्णिमाच वाचणार होती. पण गेल्या आठवड्यात आधीच्या एका कार्यक्रमाला आलेल्या मुलीने कोंडीरामच्या भरवशावर आपल्या मनाच्या आजाराच्या गोळ्यांची गोष्ट ऑफिसातल्या अख्ख्या टीमला सांगून टाकली. ते कळल्यापासून पूर्णिमाला घास गोड लागत नव्हता. आपण त्या पोरीला फसवलं, हे डोक्यातून जाईना.

कार्यक्रम संपला. कँटीनमध्ये दोघं चहा घेऊन बसले.

“उद्या मी सरांना सगळं सांगणार आहे,” ती म्हणाली. “नोकरी जाईल, जाऊ दे. तुमचं नाव येऊ देणार नाही.”

“काय सांगणार?”

“की बोलणारा माणूस खोटा होता. लोकांची मनं आपण थाप मारून बदलली.”

“लोकांनी फॉर्म तर खरे भरले ना?”

“त्यांना वाटलं, समोरचा खरंच त्यातून गेलाय. मला हे पाप सोसवत नाही हो, कोंडीराम. तुम्हाला नाही कळायचं. तुमच्यासाठी ही एक भूमिका होती.”

कोंडीरामने कप बाजूला सारला. शेजारच्या टेबलावरची पोरं उठून जाईपर्यंत तो थांबला.

“सरांना काही सांगू नका,” तो हळू आवाजात म्हणाला. “मॅडम, मी जन्मात कधी नाटकात काम केलेलं नाही.”