मंगळवारची संध्याकाळ

बॅडमिंटनच्या हॉलमधली मतमोजणी संपली, तेव्हा याआधी तीनदा आपटलेल्या डेनिस ऑकलीला आणि मिसेस पार्डोंना नगर परिषदेच्या एकाच जागेसाठी सारखीच मतं पडली होती. उरली होती एक वादग्रस्त मतपत्रिका. तिच्यावर फुली कुठेच नव्हती. मिसेस पार्डोंच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘चोंबडी’. डेनिसच्या नावापुढे होतं, ‘त्यापेक्षा हा बरा. परिषदेच्या बैठकीला तरी दर मंगळवारी संध्याकाळी घरातून टळेल.’

“कौल स्पष्ट आहे, मत डेनिसला,” निवडणूक अधिकारी बाई हसू दाबत म्हणाल्या. “फक्त लिहिणारा ओळखू येता कामा नये. अक्षर ओळखलं कोणी, तर मत बाद.”

मिसेस पार्डोंनी कागद डेनिसच्या नाकासमोर धरला. “काय हो डेनिस, ओळखीचं वाटतंय का?”

 

तेहतीस वर्षं रोज सकाळी फ्रिजवर चिकटवलेल्या कामांच्या यादीत वाचलेलं ते अक्षर डेनिसने चष्मा पुसून नीट निरखलं आणि म्हणाला, “छे हो! आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.”