तिसरा कॉलम

कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात दोनशे जणांच्या गळ्यात बिल्ले पडले, तेव्हा कुठे डेटावाल्या बाईंच्या लक्षात आलं की नावाखाली हुद्द्याऐवजी भलतंच छापलंय. गोदामप्रमुखांच्या छातीवर चक्क लिहिलं होतं, ‘बोलतो फार, करतो कमी.’

बाईंनी आळसापोटी बिल्ले छापायच्या प्रोग्रॅममध्ये कर्मचाऱ्यांच्या तक्त्याचे कॉलम नावाने न मागता ‘पहिला आणि तिसरा’ असे मागितले होते. आणि मोठ्या साहेबांनी काल संध्याकाळी त्याच तक्त्यात, हुद्द्याच्या अलीकडे, आपल्या खाजगी शेऱ्यांचा नवा कॉलम घुसवला होता. प्रोग्रॅमने इमानेइतबारे तिसरा कॉलम उचलला.

बाई बिल्ले परत मागत हॉलभर धावल्या. कोणी देईना.

“राहू द्या हो,” गोदामप्रमुख छाती फुगवून म्हणाले, “बावीस वर्षांत साहेबांनी पहिल्यांदाच माझी दखल घेतलीय!”

जो तो बाईंकडे बघून फिदीफिदी हसत होता. बाईंनी मनातल्या मनात राजीनामा लिहूनही टाकला. तेवढ्यात साहेबच समोर आले.

“अहो, कॉलमला नावाने हाक मारायला काय झालं होतं? कैदी आहेत का ते, नंबराने बोलवायला?”

“चुकलं, साहेब. राजीनामा देते.”

“आता कसला राजीनामा देताय! दोनशे जणांनी वाचलंय. मला मागे फिरायची सोय ठेवलीत का तुम्ही?”

बाईंनी पहिल्यांदाच स्वतःचा बिल्ला उचलून वाचला : ‘हिला विभागप्रमुख करायचं. इतक्यात सांगू नये, डोक्यात हवा जाईल.’