डावी बाजू

यतिनकडे काहीही फेकलं तरी तो झेलायचाच. सिडनीच्या आइस हॉकी टीमचा गोलकीपर होता तो, आणि आता कुठे युरोपातल्या एका मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आणलेली भाजी फ्रिजमध्ये लावताना त्याच्या बायकोने, सुखदाने, त्याच्याकडे एक लिंबू फेकलं. ते त्याच्या डाव्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. तेव्हा कुठे तो दचकला.

सुखदा जवळ आली. "दिसलं नाही तुला. कधीपासून?"

"सीझन सुरू झाल्यापासून. डावीकडचं कडेचं दिसतच नाही."

"अरे, मग मॅचमध्ये?"

"अंदाजाने आधीच झेप घेतो. पेपरवाले लिहितात, हा समोरच्याच्या मनातलं ओळखतो." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"आणि डॉक्टर?"

"दाखवलं तर सगळं संपेल गं. लहानपणापासून एवढं एकच मागितलंय मी. करारावर सही होऊ दे, मग सांगतो सगळ्यांना. तोवर कोणाला बोलू नकोस. प्लीज."

सुखदाने त्याचा हात हातात घेतला. तिला त्याच्यावर रागावताही येईना. ती हळूच म्हणाली, "आपल्या रुचाला रोज गाडीने शाळेत तूच सोडतोस ना रे?"

यतिनने तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने फोन काढला आणि कोचला लावला.