जुना पत्ता

फोन परत थरथरला. मसालेवाल्या रेवंडकर काकू; त्यांची नवी वेबसाइट मी आज नव्या सर्व्हरवर चालू करून देणार होतो. मी तो उपडा ठेवला आणि सकाळपासून मारतोय तीच कमांड परत मारली: काकूंच्या डोमेनचा पत्ता कुठला? उत्तर चोख आलं, नव्या सर्व्हरचं. ब्राउझर मात्र त्यांची जुनी, मोडकी साइटच दाखवत होता.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्याशी भांडूनही झालं होतं. शेवटी फोन उचललाच.

"काकू, सॉरी, अजून थोडा वेळ..."

"कसला वेळ? सकाळीच चालू झाली की! ऑर्डर येतायत, तेच सांगायला फोन करतेय कधीची."

तेव्हा आठवलं. जुना मजकूर ताडून बघायला मीच परवा माझ्या मशीनमध्ये जुना पत्ता लिहून ठेवला होता. ब्राउझर तोच वाचत होता; कमांड मात्र थेट बाहेर विचारत होती. नवी साइट दिसत नव्हती ती फक्त मला.

"ऐकतोयस ना? आवाज का असा? जेवलास का रे?"

डबा अजून बॅगेतच होता.